स्पर्धा परीक्षा आणि स्वतःची किंमत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमपीएससी, यूपीएससीची तयारी करणारे उमेदवार आणि त्यांचे पालक आमच्याकडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सगळी पानं वाचायची गरज नाही. आपला प्रश्न शोधा. संबंधित उत्तराचा क्रमांक जागोजागी दिला आहे. मनात जगणं नको असे विचार येत असतील तर बाकी सगळं सोडून थेट प्रश्न १४ कडे जा.

१. स्वप्रतिमा, आत्मसन्मान, आत्मविश्वास हे सगळं एकच ना?

एकच धरलं तर उपाय भलत्याच जागी लागतो. स्वप्रतिमा म्हणजे तुम्ही स्वतःचं करता ते वर्णन: 'मी शेतकऱ्याचा मुलगा, इतिहासात पक्का, गणितात कच्चा, चारचौघांत कमी बोलणारा.' या वर्णनाला तुम्ही जी किंमत लावता तो आत्मसन्मान. 'गणितात कच्चा' ही एकासाठी नुसती माहिती असते, दुसऱ्याला तो डाग वाटतो. आत्मविश्वास ठरावीक कामापुरता असतो: 'सीसॅटचा (पूर्वपरीक्षेतल्या आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपरचा) उतारा मी आठ मिनिटांत सोडवू शकतो.' मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये ही कल्पना स्वतंत्रपणे मांडली. मराठीत तिला स्व-कार्यक्षमता म्हणतात. मुलाखतीत बिनधास्त बोलणारी मुलगी रूमवर एकटी असताना स्वतःला कवडीमोल समजत असू शकते.

'मला न्यूनगंड आहे' असं खूप जण लिहितात. बहुतेकदा त्यांना या तिघांपैकी एकच काहीतरी म्हणायचं असतं. आधी कोणतं ते ठरवा. आत्मविश्वास असेल तर प्रश्न ९, आत्मसन्मान असेल तर प्रश्न ४ आणि ५.

२. स्वतःबद्दल काय वाटतं याचा मार्कांशी काय संबंध? अभ्यास केला की झालं.

अभ्यास कशाचा करायचा आणि कशाचा टाळायचा, हे ती समजूतच ठरवते. हेझल मार्कस यांनी १९७७ मध्ये दाखवलं की स्वतःविषयीची पक्की समजूत चाळणीसारखी काम करते. तिला जुळणारं पटकन दिसतं आणि लक्षात राहतं. न जुळणारं खाली गळून जातं.

समजा मनात बसलंय, 'माझं सीसॅट कच्चं आहे.' सराव पेपरात तुम्ही उतारे शेवटी ठेवता. राज्यसेवा पूर्वच्या सीसॅटला दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला सरासरी दीड मिनिट. शेवटच्या वीस मिनिटांत चार उतारे उरकायची वेळ येते आणि घाईत चुका होतात. आन्सर की तपासताना त्या चुकांवर लाल गोल पडतात. बुद्धिमापनाचे सलग बरोबर आलेले अकरा प्रश्न नजरेआड होतात. पुढच्या आठवड्यात सीसॅटची वही उघडायला हात धजत नाही. महिन्याभराने गुण खरोखरच घटतात. सीसॅट पात्रतेपुरतं असलं तरी ३३ टक्के लागतातच, त्यामुळे ही घट महागात पडते. समजुतीला पुरावा मिळाला, पण तो पुरावा समजुतीनेच तयार केला.

ही साखळी तोडायची तर मत बदलायच्या मागे लागू नका, वागण्याची एक कडी बदला. पुढचे सहा सराव पेपर उतारे पहिल्या ४५ मिनिटांत सोडवा आणि बरोबर उत्तरांवरही खूण करा.

आणखी एक गोष्ट. विल्यम स्वान यांच्या संशोधनात दिसतं की स्वतःबद्दल वाईट मत असलेली माणसं त्याच मताला दुजोरा देणाऱ्यांकडे ओढली जातात. वाईट का होईना, ते मत ओळखीचं असतं. अभ्यासिकेच्या खाली चहाच्या टपरीवर 'आपल्याच्यानं काय होणार' म्हणणारा गट जमतो, तो असा. त्यांच्यात बसून बरं वाटतं, हीच त्यातली अडचण आहे.

३. माझा आत्मसन्मान किती आहे, हे मोजता येतं का?

येतं, पण अंदाजे. मॉरिस रोझेनबर्ग यांची १९६५ ची दहा विधानांची चाचणी जगभर वापरतात. प्रत्येक विधानाला चार पर्याय असतात आणि एक ते चार गुण धरले तर बेरीज १० ते ४० येते. दोन ठिकाणी घोळ होतो. पाच विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. ते विसरलं की सगळा आकडा मधेच अडकतो. दुसरं, लोक निकालाच्या दुसऱ्या दिवशी चाचणी भरतात आणि त्या दिवसाचा आकडा कायमचा मानतात. शिवाय हे आजाराचं निदान करणारं साधन नव्हे.

आमच्या मते आकड्यापेक्षा त्याचं हेलकावणं जास्त सांगून जातं. दोन आठवडे रोज रात्री झोपताना 'आज मी स्वतःला किती किमतीचा वाटलो' याला शून्य ते दहा गुण द्या आणि शेजारी चारच शब्दांत कारण लिहा. टेस्टचे गुण, मित्राची पोस्ट, वडिलांचा फोन, जे असेल ते. चौदा ओळी झाल्या की तुमची किंमत कशाच्या खुंटीला टांगलेली आहे, ते समोर दिसतं.

४. निकालात नाव नसलं की मीच शून्य झाल्यासारखं का वाटतं? नुसती एक परीक्षाच तर असते.

कारण तोवर ती नुसती परीक्षा उरलेली नसते. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्येच आत्मसन्मानाचं सूत्र मांडलं होतं: मिळालेलं यश भागिले आपण लावलेला डाव. ते स्वतःचंच उदाहरण देतात: मी सगळं मानसशास्त्रावर लावलंय, म्हणून त्यात कोणी वरचढ निघालं की लाज वाटते; ग्रीक भाषेत मात्र मी अडाणी आहे याचं काहीच वाटत नाही. २००१ मध्ये जेनिफर क्रॉकर आणि कॉनी वुल्फ यांनी हाच धागा पुढे नेला. आत्मसन्मान किती आहे याइतकंच तो कशावर अवलंबून आहे हेही महत्त्वाचं, असं त्यांनी मांडलं. इतरांची पसंती, दिसणं, स्पर्धेत पुढे असणं, अभ्यासातली गती, घरच्यांचा आधार, सदाचरण, देवाचं प्रेम अशी सात क्षेत्रं त्यांनी सांगितली. किंमत एकाच क्षेत्राला बांधली की तिथला प्रत्येक चढउतार थेट छातीत लागतो.

पुण्यात पेठेतल्या खोलीत तीन वर्षं काढलेल्या उमेदवाराचं आयुष्य पाहा. राहायची जागा, मेस, मित्र, गप्पा, फोनमधले ग्रुप, सगळं एका परीक्षेभोवती. कबड्डी सुटली, हार्मोनियम गावाला राहिली, बहिणीच्या साखरपुड्याला तो जेवून लगेच निघाला. स्वतःची ओळख सांगणारी दहा वाक्यं होती, त्यातलं एकच उरलं. मग ते वाक्य खोटं ठरलं की मागे टेकायला काही नसतं. पॅट्रिशिया लिन्व्हिल यांनी १९८० च्या दशकात हाच इशारा दिला होता. त्यांच्या सिद्धांताला पुढे मिळालेले पुरावे संमिश्र आहेत, तरी रोज अर्धा तास अभ्यासाबाहेरच्या एका ओळखीला द्या, असं आम्ही आवर्जून सांगतो. धाकट्या भावाचं गणित घेणं, व्यायामशाळा, भजनात साथ, काहीही. अट एकच: त्यात निवड-नापास नसावी.

आता आकडा पाहा. यूपीएससीच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी ९,९२,५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला ५,८३,२१३ जण बसले, मुख्य परीक्षेसाठी १४,६२७ पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत २,८४५ पोचले आणि शिफारस १,००९ जणांची झाली. म्हणजे पेपर दिलेल्या सुमारे ५७८ जणांत एक. उरलेले ५७७ माणूस म्हणून कमी पडले, असं तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल म्हणणार नाही.

५. मग रोज आरशासमोर उभं राहून 'मी जिंकणारच' म्हणू का?

ज्यांना याची सगळ्यात जास्त गरज वाटते, त्यांनाच ते उलटं पडतं. जोअॅन वुड आणि सहकाऱ्यांच्या २००९ च्या प्रयोगात, 'मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे' हे वाक्य घोकलेल्या कमी आत्मसन्मानाच्या लोकांना ते न घोकलेल्या तशाच लोकांपेक्षा वाईट वाटलं. मन लगेच विरुद्ध पुरावे काढून बसतं.

आम्हाला मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट एलिस यांची वाट जास्त भरवशाची वाटते. महाराष्ट्रात ही विवेकनिष्ठ पद्धत कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं सांगणं असं की कृतीला गुण द्या, माणसाला देऊच नका. चांगलेही नाहीत आणि वाईटही नाहीत. करायचं असं:

कागदावर तीन रकाने आखा, पंधरा मिनिटं काढा. पहिल्यात घटना, कॅमेऱ्याला दिसेल तेवढीच. दुसऱ्यात मनाने काढलेला निष्कर्ष, जसा आला तसा. तिसऱ्यात पुराव्याला धरून नवं वाक्य. उदाहरण: 'कटऑफपेक्षा सहा गुण कमी' / 'मी नालायक आहे, घरच्यांचे पैसे बुडवले' / 'अर्थशास्त्राच्या पंधरापैकी चार बरोबर आले, तिथेच गुण गेले. मला वाईट वाटतंय आणि ते साहजिक आहे. यावरून मी अर्थशास्त्रात कमी पडलो एवढंच सिद्ध होतं.'

चुकतं ते बहुधा पहिल्या रकान्यात. 'पेपरची वाट लागली' ही घटना नव्हे, तो निष्कर्ष आहे. त्याला दुसऱ्या रकान्यात हलवा. तिसरं वाक्य गोड करायच्या नादात खोटं झालं तरी फायदा होत नाही. ते वाचून मन 'हो, एवढं तर खरंच आहे' म्हणालं पाहिजे.

६. तालुक्याला कायम पहिला यायचो. पुण्यात आल्यावर कळलं की मी ढ आहे. हेच खरं ना?

तुमची बुद्धी एसटीतून उतरताना कमी झाली नाही, शेजारी बसणारे बदलले. हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून हा परिणाम अभ्यासला आणि तो अनेक देशांत आढळला. सारख्याच कुवतीची दोन मुलं घ्या. ज्याच्या शाळेची सरासरी जास्त, त्याचं स्वतःच्या अभ्यासाबद्दलचं मत खालचं असतं. वासरांत लंगडी गाय शहाणी, ही म्हण आपण दुसऱ्याला चिडवायला वापरतो. पण हुशार गायींत उभी असलेली धडधाकट गायही स्वतःला लंगडी समजू लागते, हे म्हणीत राहून गेलं.

उपाय: तुलनेचा माणूस बदला. आज सोडवलेली एक प्रश्नपत्रिका उत्तरं न पाहता बाजूला ठेवा आणि सहा आठवड्यांनी तीच पुन्हा सोडवून दोन्ही एकदम तपासा. टेस्ट सिरीजमधला क्रमांक महिन्यातून एकदाच बघा.

७. उदास नाही वाटत, पण घरून फोन आला की छातीत धडधडतं. हे वेगळं काही आहे का?

आहे. टोरी हिगिन्स यांनी १९८७ मध्ये दोन दऱ्या वेगळ्या केल्या. 'मी आहे' आणि 'मला व्हायचंय' यांतली दरी उदासीकडे नेते. 'मी आहे' आणि 'मी व्हायलाच हवं' यांतली दरी धास्ती आणि अपराधीपणाकडे. प्रत्यक्षात दोन्ही बऱ्याचदा मिसळलेली असतात, पण कोणाचा आवाज मोठा आहे ते शोधता येतं. 'मी अधिकारी व्हावं' या वाक्याखाली ते कोण म्हणतंय, त्यांची नावं लिहा. मी, वडील, मामा, गावातले लोक. तुमचं नाव कितव्या क्रमांकावर आलं ते बघा.

'घरच्यांचा विचार करू नकोस' हा सल्ला आम्ही देत नाही. मार्कस आणि शिनोबू कितायामा यांनी १९९१ मध्ये मांडलं की आशियातल्या अनेक समाजांत माणसाच्या 'मी'मध्येच जवळची माणसं धरलेली असतात. आई-वडिलांना वजा करून उरणारा 'मी' आपल्याकडे अनेकांना अर्धाच वाटतो. म्हणून नातं तसंच ठेवून बोलण्याचा विषय बदला: 'आई, निकाल लागला की त्याच दिवशी मीच फोन करेन. तोवर रविवारच्या फोनवर परीक्षा सोडून बोलू. बाबांचा गुडघा कसाय ते सांग.' एकदा सांगून भागत नाही. चार-पाच रविवार तेच शांतपणे सांगावं लागतं.

८. पेपर आठवड्यावर आला की मीच मुद्दाम अभ्यास सोडतो, रात्रभर मोबाइल बघतो. मी आळशी आहे का?

वर्षभर पहाटे उठणारा माणूस शेवटच्या आठवड्यातच आळशी कसा होईल? हा बहुधा बचाव असतो. पूर्ण ताकदीने अभ्यास करून नापास झालो तर 'माझ्यात दम नाही' हे सिद्ध होईल. न करता नापास झालो तर 'अभ्यासच केला नव्हता' म्हणता येतं. स्टीव्हन बर्ग्लास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये हे प्रयोगात पकडलं. न सुटणारे प्रश्न देऊन 'छान केलंत' सांगितलेल्या लोकांनी, विशेषतः पुरुषांनी, पुढच्या चाचणीआधी कामगिरी बिघडवणारं औषध जास्त वेळा निवडलं. आपलं यश नशिबाने आलं असं वाटणाऱ्याला पुढच्या अपयशासाठी सबब तयार लागते.

इथे शिस्तीच्या वेळापत्रकाने भागत नाही, कारण मूळ भीती किमतीची आहे. प्रश्न ५ मधले तीन रकाने परीक्षेच्या दहा दिवस आधीच भरा, 'पूर्ण अभ्यास करूनही नापास झालो' ही घटना धरून. सोबत एक साधी व्यवस्था: रात्री साडेदहाला मोबाइल रूमपार्टनरकडे.

९. आत्मविश्वास वाढवण्यासाठी नेमकं काय करायचं?

बांडुरा यांनी चार स्रोत सांगितले आहेत. सगळ्यांत जोरदार स्रोत म्हणजे स्वतः केलेलं काम. त्याची पातळी जपून निवडा: दहापैकी सहा-सात बरोबर येतील अशा प्रश्नांपासून सुरू करा. दहाच्या दहा आले तर विश्वास वाढत नाही, दोन आले तर मोडतो. सलग तीन दिवस आठ यायला लागले की पातळी एक पायरी वर न्या. घड्याळ पहिल्या आठवड्यात नको, दुसऱ्यापासून लावा.

दुसरा स्रोत दुसऱ्याला करताना पाहणं. इथे टॉपरच्या मुलाखती फसवतात, कारण तो तुमच्यासारखा वाटत नाही. तुमच्याच माध्यमातून, तुमच्यासारखीच नोकरी करत अभ्यास केलेल्या आणि तुमच्याहून फक्त एक टप्पा पुढे असलेल्या माणसाजवळ बसा. तो उत्तर कसं लिहितो ते प्रत्यक्ष बघा. तिसरा स्रोत म्हणजे इतरांचे शब्द. ते लवकर चढतात आणि लवकर उतरतात. चौथा, शरीर. धडधड म्हणजे 'मला येत नाही' असा अर्थ लावला की विश्वास घसरतो. झोप पाच तासांवर आणि चहा आठ कपांवर गेला असेल तर धडधडीचं कारण अभ्यासक्रमाबाहेरचं आहे.

१०. आत्मसन्मान वाढला की गुण आपोआप वाढतील ना?

एकेकाळी अमेरिकेतही तसंच वाटत होतं. कॅलिफोर्निया राज्याने १९८६ मध्ये त्यासाठी कृतिदलही नेमलं. रॉय बाऊमाइस्टर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा आत्मसन्मान वाढवल्याने अभ्यासातली कामगिरी सुधारते याला आधार सापडला नाही. बरेचदा उलटा क्रम असतो, आधी कामगिरी आणि मग बरं वाटणं. पण आत्मसन्मान कमी असणं पुढच्या नैराश्याचा धोका वाढवतं, हे अनेक दीर्घकालीन अभ्यासांत दिसलं आहे. म्हणून त्याची काळजी घ्यायची ती प्रकृतीसाठी. गुणांसाठी प्रश्न ९.

११. स्वतःला माफ करत बसलो तर ढिला पडेन. थोडं टोचून घेतलंच पाहिजे ना?

ज्युलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांच्या २०१२ च्या प्रयोगात, शब्दांच्या चाचणीत खराब कामगिरी झाल्यावर ज्यांना स्वतःकडे करुणेने पाहायला सांगितलं, त्यांनी पुढच्या चाचणीचा अभ्यास इतरांपेक्षा जास्त वेळ केला. कारण सोपं आहे: चुकीकडे बघायला शिक्षा नसेल तर माणूस चुकीकडे बघतो. क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये स्व-करुणेचे तीन भाग सांगितले: स्वतःशी माया, 'असं बऱ्याच जणांचं होतं' ही जाणीव, आणि दुःख न फुगवता, न दडपता बघणं. 'जाऊ दे, झोपतो' ही स्व-करुणा नव्हे. धाकटी बहीण हाच निकाल घेऊन आली असती तर तिला जे बोलला असता ते स्वतःला बोला. त्यात 'चल, उद्या कुठे चुकलं ते बघू' हेही आपोआप येतं.

१२. (पालकांकडून) मुलाला 'तू हुशारच आहेस' म्हणून धीर देतो. चुकतं का?

हेतू चांगला, पण शब्द अडचणीचे. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांच्या १९९८ च्या प्रयोगांत हुशारीची स्तुती झालेली मुलं पहिल्या अपयशानंतर लवकर मागे हटली आणि आपले गुण जास्त वेळा वाढवून सांगू लागली. मेहनतीची स्तुती झालेली मुलं टिकून राहिली. यावर आधारलेले शालेय उपक्रम मात्र छोटासाच फरक घडवतात, तेव्हा चमत्काराची अपेक्षा नको.

सव्वीस वर्षांच्या मुलाला 'मेहनत कमी पडली' म्हणणंही बरं नाही. त्याने बारा तास घातलेले असतात. त्याऐवजी नेमकं विचारा: 'या वेळी काय वेगळं केलंस? कुठे अडलं?' आणि निकालाच्या दिवशी फक्त 'जेवलास का?' चालेल. त्या दिवशी त्याला आपली जागा घरात तीच आहे एवढंच कळायला हवं असतं.

१३. पाच अटेम्प्ट झाले. सोडलं तर मी कोण उरेन?

हा सगळ्यांत अवघड प्रश्न, आणि 'हार मानू नकोस' हे त्याचं उत्तर नाही. कार्स्टन व्रोश आणि सहकाऱ्यांच्या २००३ च्या अभ्यासांत असं दिसलं की हाती न येणारं ध्येय सोडता येणं आणि दुसऱ्या अर्थपूर्ण ध्येयाला लागता येणं, या दोन्हींचा मनाच्या स्वास्थ्याशी चांगला संबंध आहे. नुसतं सोडणं अर्धंच. म्हणून क्रम सांभाळा.

निर्णय निकालाच्या आठवड्यात घेऊ नका. आत्ता, शांत असताना, तारीख आणि अट लिहून ठेवा: 'पुढच्या पूर्वमध्ये कटऑफ गाठला नाही तर थांबेन.' यूपीएससीला खुल्या प्रवर्गात सहाच संधी आणि वयाची ३२ वर्षांची मर्यादा आहे, तिथे बाहेरून रेघ ओढलेली असते. इतरत्र ती स्वतः ओढावी लागते. त्याआधीच दुसऱ्या वाटेला आकार द्या. मार्कस आणि पॉला न्यूरिअस यांनी १९८६ मध्ये 'संभाव्य मी' ही कल्पना मांडली. भविष्यातला 'मी' जितका ठळक दिसतो तितका तो वागण्याला दिशा देतो. 'काहीतरी प्रायव्हेट करेन' हे चित्र फार धूसर आहे. सहकारी बँकेत किंवा सामाजिक संस्थेत काम करणाऱ्या ओळखीच्या माणसाबरोबर एक अख्खा दिवस घालवा: तो किती वाजता निघतो, काय लिहितो, कोणाशी बोलतो.

उलट बाजूही आहे. पद मिळूनही 'मी यासाठी लायक नाही, आज ना उद्या उघडा पडेन' असं वाटणारे आम्हाला लिहितात. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये या अनुभवाचं वर्णन केलं. किंमत निकालाला बांधलेली असेल तर निकाल चांगला लागूनही गाठ सुटत नाही. त्यांनाही प्रश्न ५ चंच काम करावं लागतं.

१४. हे नुसतं निराश वाटणं आहे की आजार? मदत कधी घ्यायची?

जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, दोन आठवडे किंवा जास्त मन खचलेलं असेल किंवा कशातच रस उरला नसेल, आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. वरचे कागदी उपाय तेव्हा पुरे पडत नाहीत. नैराश्यात 'मी निरुपयोगी आहे' हे आजाराचं लक्षणच असतं, त्याच्याशी एकट्याने वाद घालू नका.

जगणं नको असे विचार येत असतील तर दोन आठवडे थांबायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो आणि मराठीत बोलता येतं. तो लागला नाही तर १८००-८९१-४४१६. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

रूमपार्टनरबद्दल शंका असेल तर सरळ विचारा: 'जीव द्यायचे विचार येतात का?' विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर त्याला एकटं सोडू नका, खोलीतली औषधं आणि धोक्याच्या वस्तू बाहेर न्या, घरच्यांपैकी एकाला कळवा आणि फोन त्याच्याशेजारी बसून लावा. आधीपासून गोळ्या चालू असतील आणि त्यांनी सकाळी गुंगी येत असेल, तर पेपर तोंडावर आला म्हणून परस्पर बंद करू नका. डॉक्टरांना परीक्षेची तारीख सांगा. गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, ते तेच ठरवतील.